‘पंखा बंद ठेवा’ मी लिहिलेलं नाही

गेल्या दिवाळीपासून चैत्रापर्यंत आळेफाट्यावर मला कुणी चहा पाजला, की पहिला घोट घेण्याआधी मी विचारायचो, "हा चहा माझ्यासाठी आहे का त्या गोष्टींसाठी?" समोरचा हसून म्हणायचा, "दोन्हीसाठी घ्या की अण्णा." मग मी सांगायचो, की बाबा, त्या गोष्टी मी लिहिलेल्या नाहीत. त्यावर तो आणखी हसायचा आणि माझ्यासाठी भजी सांगायचा. खोटं बोलून खाणारे आयुष्यात पुष्कळ पाहिले. खरं बोलल्याबद्दल भजी खाल्लेला मी एकटाच असेन.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेल्या दिवाळीला याच अंकात ‘पंखा बंद ठेवा’ या नावाने एका रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या गमतीच्या गोष्टी छापून आल्या. लेखकाचं नाव नव्हतं, गावाचं नव्हतं, गोष्टींतल्या माणसांचंही नव्हतं. पण जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत ज्या खोलीच्या दारावर तांबड्या रंगात ‘पंखा बंद ठेवा’ असं लिहिलेलं आहे, ती खोली एकच, आणि ती माझी. त्यामुळे लेखक कोण, हे लोकांनी अंक मिटायच्या आत ठरवून टाकलं. करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव, तशी माझी गत झाली. यंदा संपादक म्हणाले, आता तुमचं तुम्हीच लिहा. म्हणून लिहितो आहे. खरा लेखक कोण हे ज्यांना एव्हाना कळलं आहे, त्यांनी शेजारच्याला सांगू नये, त्याला पुढे वाचू द्यावं.

आधी थोडं धंद्याचं. स्टुडिओ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातला स्टुडिओ येतो. माझा फाट्यावर एका टायरच्या दुकानाच्या माडीवर आहे. दोन खोल्या आणि मधे जाड काच. अलीकडच्या खोलीत मी, माझी यंत्रं आणि कीबोर्डवाला. पलीकडच्या खोलीत माइक, गाणारा, ढोलकीवाला आणि कोरसच्या बायका. पलीकडे भिंतींना गाद्या ठोकल्या आहेत, म्हणजे आवाज घुमत नाही. तिथलं सगळं मला हेडफोनमधून ऐकू येतं. माझं मात्र त्यांना तेव्हाच ऐकू जातं, जेव्हा मी टेबलावरचं बटण दाबून बोलतो. बटण सोडलं की त्यांच्या दृष्टीने मी मुका. आणि पंखा बंद, कारण माइक गाण्याइतक्याच निष्ठेने पंख्याची घरघरही टिपतो. उन्हाळ्यात माणसं देवाची गाणी म्हणता म्हणता घामाने निथळतात. माझ्याकडची भक्तिगीतं फार कळवळून म्हटली आहेत असं लोक म्हणतात, त्याचं निम्मं श्रेय त्या पंख्याला आहे.

खाली टायरवाल्याचा हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि बाहेर नाशिककडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न. टेक घ्यायच्या आधी मी जिन्यातून ओरडायचो, "भाऊ, जरा थांबवा." तो बिचारा गिऱ्हाइकाला सांगायचा, "वर देव चाललाय, दम धरा." एवढ्या वर्षांत त्याने एकदाही नाही म्हटलं नाही. त्याचे आभार कुठे मानायचे राहून गेले होते, ते इथे मानतो.

गिऱ्हाईक म्हणाल तर सगळ्या तऱ्हेचं. डोंगराकडच्या गावांची भजनी मंडळं, यात्रेची गाणी, लग्नाची गाणी, निवडणुकीत जीपवर वाजवायचे प्रचार, वनखात्याच्या बिबट्याच्या सूचना, आणि चैत्र जवळ आला की बैलगाड्यांच्या शर्यतींची गाणी. आमच्याकडे गाडामालक स्वतःवर गाणं करून घेत नाही, बैलावर करून घेतो. शर्यती बंद होत्या त्या काळातही ही गाणी चालूच होती. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, पळायला मनाई होती, गाण्यात पळायला नव्हती.

या धंद्यात यंत्रापेक्षा मोठी वस्तू म्हणजे भरवसा. माइक चालू आहे हे माणूस थोड्या वेळाने विसरतो. मग तो भावाबद्दल बोलतो, पुढाऱ्याबद्दल बोलतो, कधी रडतो. हेडफोनमध्ये ते सगळं माझ्या कानात येतं. खोलीत बोललेलं जिना उतरणार नाही, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा शब्द. आता मोबाइलमध्ये घरबसल्या रेकॉर्डिंग होतं, तरी लोक माझ्याकडे येतात ते त्या शब्दावर. आणि गोष्टी छापून आल्यावर नेमका तोच शब्द गेला, असं लोकांना वाटलं.

गोष्टी मात्र झकास होत्या, हे मान्य करतो. एका म्हाताऱ्या भजनीबुवांनी जन्मात पहिल्यांदा हेडफोन घातला, आणि स्वतःचाच आवाज कानात आल्यावर ते गाणं थांबवून मागे वळून म्हणाले, "कोन रं येडावतंय मला?" हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. दुसरी गोष्ट बिबट्याच्या सूचनेची. त्या दिवशी आवाज द्यायला आमचे रघुभाऊ होते. यांचा जन्म गेला प्रचाराच्या जीपमध्ये. कागदावर साधं वाक्य होतं, की परिसरात बिबट्याचा वावर आहे, संध्याकाळी एकट्याने शेतात जाऊ नये. रघुभाऊंनी माइकसमोर छाती भरून घेतली आणि सुरू केलं, "येत आहे, येत आहे, आपल्या वाडीवस्तीवर येत आहे, बिबट्या!" वनखात्याचे साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, लोक हार घेऊन बाहेर येतील." ही गोष्ट छापून आल्यावर रघुभाऊ अंक काखेत घालून जुन्नरच्या बाजारात फिरले आणि भेटेल त्याला सांगत सुटले, की यातला तो माणूस मी आहे.

तिसरी गोष्ट घुंगरमाळेची, आणि खरी अडचण तिनेच केली. निरगुडसरचे बबनशेठ म्हणजे जुने गाडामालक आणि यात्रा कमिटीचे म्होरके. त्यांना आपल्या बैलाचं गाणं करायचं होतं, आणि गाण्यात घुंगरमाळ खऱ्या बैलाच्या गळ्यातली वाजली पाहिजे, मशीनमधली नको, अशी अट होती. बैल टेम्पोतून आणला. माडीवर चढवता येईना, म्हणून पलीकडच्या खोलीची एकुलती एक खिडकी उघडून मी माइक दोरीने खाली सोडला. बैल सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा उभा. मान हलवेना. शेवटी बबनशेठनी माळ काढून घेतली, वर आले, स्वतःच्या गळ्यात घातली आणि गादीच्या खोलीत जागच्या जागी पळायला लागले. गाणारा गातोय, कोरस "हो जी" म्हणतोय आणि बबनशेठ पळताहेत. कडवं संपल्यावर धापा टाकत म्हणाले, "अजून एक बारी घेऊ." बारी म्हणजे घाटातली एक धाव.

गोष्टीत नाव नसलं तरी ज्यांना बबनशेठ ठाऊक होते त्यांना कळायला वेळ लागला नाही. दिवाळीनंतर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मंचरला बाजारात समोरासमोर आलो तर मान फिरवून कांद्याच्या गोण्यांकडे बघत बसले. त्यांच्या यात्रेचं गाणं आणि सगळ्या सूचना दरवर्षी माघातच माझ्याकडे व्हायच्या. यंदा माघ सरला तरी निरोप नाही. आणि बबनशेठ जिकडे, तिकडे आजूबाजूच्या गावांच्या कमिट्या. जे गिऱ्हाईक येत होतं तेही बदललं. एक भजनी मंडळ आलं तर माणसं देवळात आल्यासारखी हात जोडून बसली. म्होरक्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "अण्णा, ह्ये छापणार नाय ना?" मी नाही म्हणालो. तरी त्यांनी चहासुद्धा न बोलता घेतला, आणि भजन असं झालं की गाणाऱ्याला कुणीतरी दरडावून उभं केलंय. मला रात्रंदिवस एकच घोर लागला, की आपला शब्द परत मिळवायचा कसा.

फाट्यावरच्या हॉटेलात मात्र रोज नवा लेखक निघायचा. कुणी म्हणे कीबोर्डवाला. कुणी म्हणे खालचा टायरवाला, कारण त्याला वरचं सगळं ऐकू जातं. एकाने छातीठोक सांगितलं, की नारायणगावच्या तमाशातल्या कुणा सोंगाड्याचं हे काम आहे, दुसऱ्या कुणाला असं हसवता यायचं नाही. मी तिथेच बसलेला असायचो. शेवटी सगळे माझ्याकडे बघून म्हणायचे, "जाऊ द्या राव, अण्णांना लाजवू नका." संपादकांना विचारलं, तर ते म्हणाले पाकीट टपालाने आलं, त्यावर ना नाव ना पत्ता, पण वाचून इतकं हसलो की छापल्याशिवाय राहवेना.

मग फाल्गुनात एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी त्या गोष्टी पुन्हा वाचायला घेतल्या. पहिल्यांदा रागाने वाचल्या होत्या. या वेळी टेक ऐकतो तशा वाचल्या, कुठे काय खटकतं ते बघत. आणि घुंगरमाळेच्या गोष्टीत एका वाक्यावर अडलो. तिथे लिहिलं होतं, की एवढा गोंधळ चालू असताना काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला समाधी लागल्यासारखा बसला होता, त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

हे साफ खोटं आहे. बबनशेठ पळायला लागले तेव्हा मी तोंडात रुमाल कोंबला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. मला असं बघून बबनशेठ दुखावतील म्हणून मी टेबलावरचा दिवा मालवला आणि कीबोर्डवाल्याच्या पाठीआड तोंड लपवलं. बटण दाबलेलं नव्हतं, म्हणून पलीकडे काही ऐकू गेलं नाही. दिवा मालवला की पलीकडून काचेत माझं फक्त डोकं दिसतं, चेहरा दिसत नाही. म्हणजे हे लिहिणारा माणूस माइकच्या बाजूला होता. कीबोर्डवाला माझ्या शेजारी बसतो, त्याने माझे हाल पाहिले होते, तो समाधी लिहायचा नाही. टायरवाला तर त्या वेळी खाली बैल धरून उभा होता.

गाणारा दर वेळी नवा असतो, त्याने बाकीच्या गोष्टी पाहिलेल्याच नव्हत्या. राहिला ढोलकीवाला आणि कोरस. ढोलकीचा आवाज गाण्याच्या माइकमध्ये शिरू नये म्हणून ढोलकीवाल्याला मी फळ्यांच्या आडोशाला बसवतो. तिथून काच दिसतच नाही. आणि गोष्टींत तर काचेपलीकडचा माणूस पानोपानी होता. तो मान कशी हलवतो, तेही दोन ठिकाणी होतं. राहिल्या कोरसच्या दोघी, सुशीला आणि मंगल. सुशीलाच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिने लिहिलं असतं तर अंकाआधी सगळ्या फाट्याला कळलं असतं.

मंगलताई पारगावच्या. यजमान साखर कारखान्यात होते. मंगलताई कित्येक वर्षं एसटीने यायच्या, भिंतीकडेच्या आपल्या जागी उभ्या राहायच्या, मुख्य गाणाऱ्याने टाकलेली ओळ अचूक उचलायच्या, मग एसटीची वेळ होईपर्यंत पुढची रेकॉर्डिंगं भिंतीशी बसून ऐकायच्या आणि मिळेल त्या एसटीने परत जायच्या. बोलणं जेवढ्यास तेवढं. डब्यात शेंगदाण्याचे लाडू असायचे, ते सगळ्यांना द्यायच्या. या बाईने इतकं हसवावं हे मला खरं वाटेना, पण दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पारगावला गेलो. खरं सांगतो, भांडायच्याच तयारीने गेलो होतो. मंगलताई अंगणात कांदे निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पदराने बाज पुसली.

"या अण्णा. वाटलंच व्हतं येताल म्हणून."

"कशावरून वाटलं?"

"तुमी कुठलंबी गाणं दुसऱ्यांदा ऐकल्याबिगर सोडत नाय. म्हटलं, गोष्टी बी दुसऱ्यांदा वाचतीलच."

म्हणजे कबूल करून घ्यायचंही काम उरलं नाही. मी म्हणालो, "मंगलताई, माझं दुकान बसायची वेळ आलीय. माणसं माझ्यासमोर तोंड उघडत नाहीत. बबनशेठनी बोलणं टाकलंय. सगळ्यांना वाटतं मी त्यांचं ऐकून छापलं."

त्यांच्या हातातला कांदा हातातच राहिला. "तुमच्यावर येईल हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. दारावरचं नाव दिलं तवा यायला पायजे व्हतं. मला वाटलं, मानसं चार दिस हसतील आन इसरतील." कांदा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "पन अण्णा, मी कुनाचं झाकलेलं उघडलं का, तेवढं सांगा."

पलीकडच्या खोलीत त्यांनी काय काय ऐकलं होतं, ते मला एकेक आठवायला लागलं. प्रचाराच्या रेकॉर्डिंगला आलेला एक उमेदवार माइकसमोर ढसाढसा रडला होता. एका मंडळातले दोघे सख्खे भाऊ देवाचं गाणं म्हणायच्या आधी एकमेकांच्या बायकांवरून भांडले होते. आणखीही पुष्कळ आहे, ते मी लिहिणार नाही. त्यातलं एक अक्षर गोष्टींत नव्हतं.

"जे मानूस सोताच चारचौघांत सांगून हसंल, तेवढंच लिवलं," मंगलताई म्हणाल्या. "बाकीचं तिथल्या तिथं ठिवलं. तुमचा नेम मला बी ठावं हाय की."

"मग नाव का नाही टाकलंत?"

त्या हसल्या. "कॅसेटच्या कव्हरवर आमचं नाव काय असायचं, अण्णा? ‘आणि सहकारी.’ नाव नसायची सवयच हाय मला. पन ह्या येळंला गंमत झाली. मी एसटीत बसलेली असायची आन म्होरं दोघं जन बोलायचे, कोन असंल, कोन असंल. एक म्हनाला, नक्की कुनीतरी लई हिंडल्याफिरल्याला गडी हाय. मी आपली खिडकीतून ऊस बघत बसले. लई ग्वाड वाटलं."

माझा राग निम्मा गेला होता, पण प्रश्न होता तिथेच होता. मी विचारलं, "आणि माझी ती मान कशाला घातलीत दोन-दोन गोष्टींत? लोकांनी दारावरून ओळखलं नसतं, तर त्यावरून मला ओळखलं असतं."

"त्या मानेपायीच तर लिवलं सगळं. गानारा कसा बी गाऊ द्या, आमी ओळ उचलली की काचेपल्याड तुमची मान हलायची. त्याच्या जिवावर मी एवढी वर्सं आले."

इथे मला खरं बोलणं भाग होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, रेकॉर्डिंग चालू असताना माझी नजर गाणाऱ्यावर नसते. माझ्यासमोर जुन्या मिक्सरवर एक काटा आहे. आवाज वाढला की तो उजवीकडे तांबड्या पट्ट्यात जातो, आणि तिथे गेला की आवाज फाटतो. त्या काट्यावरून डोळा हलवायचा नसतो. आणि मान हलते ती मात्रा मोजायला, जुनी खोड आहे. मी म्हणालो, "मंगलताई, मी काट्याकडे बघत असतो हो. ती मान तालाची."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पयल्याच वर्साला कळलं व्हतं. पन हलायची तर माझ्याच म्होरं ना? मी गाताना आमच्यात कुनाची मान हलल्याली मी बघितली नव्हती."

भांडायला आलेला माणूस मी, कांदे निवडू लागलो. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "चला. बबनशेठला मी सांगते, लिवलं ते मी म्हणून. तुमचा शब्द माझ्यापायी जायला नगं."

निरगुडसरला बबनशेठ गोठ्यात बैलाच्या अंगाला खरारा करत होते. आम्हाला बघून त्यांनी हात थांबवला नाही. मंगलताई गोठ्याच्या दारातूनच म्हणाल्या, "शेठ, ती घुंगरमाळंची गोष्ट मी लिवली. अण्णांना ठावं सुदिक नव्हतं. काय बोलायचं ते मला बोला."

बबनशेठ मागे वळले. "कुनी लिवलं ह्याच्याशी मला काय करायचंय?"

मी म्हणालो, "शेठ, मग राग कशाचा धरलात?"

"कशाचा म्हंजी?" त्यांनी खरारा खाली ठेवला. "त्यात बैलाचं नाव कुठंय? ‘एक गाडामालक आणि त्याचा बैल.’ असं लिवत्यात व्हय? तिकडं जुन्नरच्या अंगाला एक गडी सांगत फिरतोय, की त्यो बैल माझा बादल, आन पळालो त्यो मीच. घुंगरमाळ माझ्या मन्याची आन नाव बादलचं! मी चार लोकांत म्हनलो, की आरं त्यो मी हाय, तर हसले. म्हनले, शेठ, आता सगळेच तसं म्हनत्यात."

एवढे महिने मी समजत होतो, की या माणसाला आपलं हसं झाल्याचं दुःख आहे. मंगलताईंनी हळूच विचारलं, "आन तुमी गळ्यात माळ घालून पळाले, त्ये लिवलं त्याचं काय?"

"पळालोच व्हतो की. खोटं हाय का त्यात काई? बैलासाठी मानूस पळायचा न्हाई तर कुनासाठी पळायचा?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अण्णा, तुमी फाट्यावर सांगितलं की मी लिवलं न्हाई, तवाच मी म्हनलो, म्हंजी न्हाई. तुमचा शब्द मी कवा खोटा धरला?"

"मग बोलत का नव्हता?"

"तुमचा दोस्त असून माझ्या बैलाचं नाव घालायला तुमी कुनाला सांगितलं न्हाई, म्हणून."

त्यांनी तोड काढली ती अशी. यंदाच्या यात्रेत, पहिला गाडा जुंपायच्या आधी, घाटातल्या सगळ्या कर्ण्यांवरून ती गोष्ट वाजली पाहिजे. मन्याचं नाव घेऊन. रेकॉर्डिंग अर्थात माझ्याकडे. मंगलताई म्हणाल्या, "चांगल्या आवाजाचा गडी बघा मंग, रघुभाऊंना बोलवा." बबनशेठ म्हणाले, "गडी कशाला? जिनं लिवलं तिनंच म्हनायचं. आन आदी सोताचं नाव सांगायचं."

"माझं नाव कशाला, शेठ?"

"न्हाई कसं? मन्याचं झालं तेच तुमचं व्हईल. उद्या जुन्नरचाच कुनी उठंल आन सांगंल, लिवलं ते मीच."

यात्रेत ते वाजलं. मन्याचं नाव आलं तेव्हा बबनशेठ फेटा सारखा करत गाड्यापुढे घोडी पळवणाऱ्याशी उगाच बोलत उभे होते. सुशीलाताई, आपल्याला आधी सांगितलं नाही म्हणून, घाटातच मंगलताईंशी भांडल्या आणि मग त्यांच्या गळ्यात पडल्या. त्यानंतर माझ्याकडचं गिऱ्हाईक परत बोलतं झालं. उलट आता काही जण पंखा बंद केल्या केल्या विचारतात, "मंगलताई आल्यात का?" आल्या असल्या तर जरा जास्तच बोलतात. मोबाइलवर गाणी करून घेणारेसुद्धा खोली बघायला म्हणून येतात आणि आलेच आहेत तर एखादं गाणं करून जातात. हे सगळं त्या गोष्टींचं देणं आहे, आणि ते मला फेडायचं नाही, तसंच राहू द्यायचं आहे. आयुष्यभर मी समजत होतो, की या खोलीत ऐकणारा मी एकटाच आहे. माझ्यासारखंच ऐकणारं, ऐकलेलं सांभाळणारं, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगणारं दुसरं माणूस काचेपलीकडे उभं होतं, हे कळायला म्हातारपण यावं लागलं. पण कळलं, हे माझं नशीब.

मला सांगायचं आहे ते मात्र यात्रेचं नाही, त्याच्या आधीच्या रेकॉर्डिंगचं.

त्या दिवशी पलीकडच्या खोलीत मंगलताई एकट्याच. ढोलकी नाही, कोरस नाही. खालचा कॉम्प्रेसर थांबला. पंखा बंद केला. काचेतून बघतो तर त्या सवयीने भिंतीकडेच्या आपल्या जागी जाऊन उभ्या राहिलेल्या. मी बटण दाबून म्हणालो, "मंगलताई, तिथे नाही. मधे या. माइकसमोर." त्या आल्या. हातातला अंक नीट धरला, पदर सारखा केला. मी मशीन चालू करून हात वर केला.

"मी मंगल, राहणार पारगाव," त्या म्हणाल्या. "ही गोष्ट मी लिहिली."

पुढे त्या वाचत गेल्या. मन्या टेम्पोतून उतरला, माइक खिडकीतून खाली गेला. कोरसमध्ये दोन आवाजांत मिसळलेला त्यांचा आवाज एवढा ठाम आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. बबनशेठ पळायला लागले तिथे त्यांना हसू आवरेना, आवाज चढला, आणि कीबोर्डवाल्याने माझा दंड हलवला तेव्हा मी भानावर आलो. काटा तांबड्यात गेला होता आणि तिथेच चिकटून बसला होता. सगळा टेक फाटला होता. मी मशीन बंद केली.

त्यांनी काचेकडे बघितलं. "अण्णा, चुकलं का माझं?"

मी बटण दाबलं. "तुमचं नाही, माझं चुकलं. मी काट्याकडे बघितलंच नाही. तुमच्याकडे बघत होतो."

पलीकडे त्यांनी पदर पुन्हा सारखा केला. मग गोष्टीचं पहिलं पान परत काढत म्हणाल्या, "पुन्यांदा म्हनते. आता बघा काट्याकडं."